झोपलेल्या बाईचं नाव

माझ्या नवऱ्याला सिनेमे समजतात. बोईसरला एमआयडीसीत तो एका रंगाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. तिथे तो नेमकं काय करतो ते मला आजवर नीट कळलेलं नाही, पण सुट्टीच्या दिवशी तो आमच्या बाहेरच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटासमोर बसून लोकांना अवघड सिनेमांचे अर्थ सांगतो. चॅनेलचं नाव 'पडद्यापलीकडे'. समोर गोल दिवा, दिव्याच्या मध्ये मोबाइल, मोबाइलमागे मी. त्या वेळात पंखा लावायचा नाही, कुकर चढवायचा नाही, सासूबाईंनी खोकायचं नाही. भाग्येश बोलायला लागला की ऐकत राहावंसं वाटतं, हे मान्य केलं पाहिजे. आवाज चांगला आहे मेल्याचा.

मध्यंतरी त्याने 'ओला कोट' नावाचा एक परदेशी सिनेमा घेतला. आधी गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. एक मुलगी भर पावसात एका जुन्या हॉटेलात कामाला येते. तिचं नाव आना. पण हॉटेलातले सगळे पहिल्या दिवसापासून तिला वेरा म्हणतात. ती म्हणते, मी आना. ते हसून म्हणतात, बरं वेरा. हळूहळू ती वेरा म्हटल्यावर ओ द्यायला लागते. हॉटेलच्या मागच्या खोलीत एक बाई कायम झोपलेली असते आणि तिचा चेहरा हुबेहूब हिच्यासारखा. कपाटात एक कोट टांगलेला असतो, त्यातून सिनेमा संपेपर्यंत पाणी ठिबकत राहतं. मधेच जिने उलटे होतात, आरशात भलतीच माणसं दिसतात आणि शेवटी वेरा मालकीण होऊन मोठ्या टेबलाशी जेवायला बसते. मागची बाई झोपलेलीच. संपला सिनेमा. बघणारे डोकं धरून बसतात आणि मग भाग्येशकडे येतात.

भाग्येशचा अर्थ असा, की हे सगळं त्या झोपलेल्या बाईचं स्वप्न. तिला आयुष्यात कोणीतरी व्हायचं होतं, ते जमलं नाही, म्हणून ती स्वप्नात वेरा झाली. कोट म्हणजे तिच्या मनातला अपराध. जिने म्हणजे मनाचे तळ. कुठल्याही सिनेमात जिना दिसला की भाग्येशला तो मनाचा तळच वाटतो.

मी तो सिनेमा त्याच्यापेक्षा जास्त वेळा पाहिला. व्हिडिओत कुठे कुठलं दृश्य घालायचं ते कापून देणं माझं काम. कापताना मला एक गोष्ट दिसली. हॉटेलामागच्या गल्लीतून एक भाजीवाली म्हातारी कुणाला तरी हाक मारते. ती दिसत नाही, नुसता आवाज येतो. खाली भाषांतराची ओळ येत नाही, कारण नावाचं काय भाषांतर करणार? हाक असते, 'आना!' आणि त्याच वेळी मागच्या खोलीतल्या बाईच्या पायाचा अंगठा हलतो. अख्ख्या सिनेमात ती तेवढीच हलते.

मी त्याला जेवताना सांगितलं. म्हटलं, "अहो, ती झोपलेली नाहीच. तिला तिच्या नावाने कोणी हाक मारत नाही, म्हणून नुसती पडून आहे. तो अंगठा बघा."

"त्या नटीला डास चावला असेल गं," भाग्येश म्हणाला. "वरण दे."

आता माझ्या नावाचं सांगायला हवं. माझं माहेर दातिवऱ्याचं. नारळाची, केळीची वाडी, थोडी भातशेती. आजी गेली आणि लगेच माझा जन्म झाला, म्हणून तिचंच नाव मला ठेवलं, रखमा. शाळेत मी रखमा होते, पालघरला कॉलेजात रखमा होते, ग्रंथालयाचा कोर्स केला तिथेही रखमाच होते. वर्गात पोरं चिडवायची, पण मला त्या नावाची लाज कधी वाटली नाही. भाग्येशचं घराणं सांगलीकडचं. त्याचे वडील तारापूरला नोकरीला आले आणि इथलेच झाले. लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत दोन्हीकडे होती. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे. हल्ली पुष्कळ ठिकाणी नवरे मुकाट्याने जुनंच नाव गिरवतात, फोटोपुरतं. मला वाटलं, हाही तसंच करील. सिनेमे बघणारा मुलगा.

त्याने लिहिलं, हेमांगी. आणि माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "रखमा कसं वाटतं गं चारचौघांत सांगायला? हे तुला शोभेल." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले, फोटोत तसं दिसतं. सासूबाईंनी ते तांदूळ दुसऱ्या दिवशी खिरीला घेतले.

तर त्या डासाच्या दिवशी मला राग आला. दुपारी सगळं आवरल्यावर मी भाग्येशच्या व्हिडिओखाली लिहायला बसले. माझं जुनं खातं लग्नाआधीचं, त्यावर अजून रखमा हेच नाव आहे आणि फोटोच्या जागी केळफूल. मी अंगठ्याचं लिहिलं, हाकेचं लिहिलं आणि शेवटी लिहिलं, 'ही गोष्ट स्वप्नाची नाही. दोघी जाग्या आहेत. एकीला हाक येते, दुसरीला येत नाही, एवढाच फरक.' मला वाटलं, तो नाव वाचेल, हसेल, स्वयंपाकघरात येईल आणि म्हणेल, काय गं रखमे, भांडण तिकडे कशाला? तेवढंच हवं होतं मला.

तो आला खरा. मोबाइल हातात, चेहरा उजळलेला. "हेमांगी, हे ऐक." आणि माझी वाक्यं त्याने मला त्याच्या त्या छान आवाजात वाचून दाखवली. "काय नजर आहे! अंगठा! माझ्याकडून सुटलाच की."

"कोणी लिहिलंय?" मी विचारलं.

"रखमा." तो हसला. "टोपणनाव असणार. पुण्याबिण्याचे कोणी प्राध्यापक असतील. खऱ्या रखमेला हा सिनेमा कुठला कळायला!"

मी भेंडी चिरत होते, ती चिरत राहिले.

मी तेव्हाच का सांगितलं नाही, असं कुणीही विचारील. सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं, पण ओळखलेलं नसतं. मला त्याने ओळखायला हवं होतं. इतकी वर्षं एका घरात, एका पांघरुणाखाली काढल्यावर एवढं मागणं फार आहे का? हट्ट म्हणा. मी ठरवलं, आपण तोंड उघडायचं नाही. याच्या डोक्यात कधीतरी प्रकाश पडेल.

प्रकाश पडला नाही, पत्रव्यवहार मात्र वाढला. घरात मला 'ए' म्हणणारा माणूस तिकडे 'आदरणीय रखमाताई' लिहायला लागला. 'आपले निरीक्षण विलक्षण आहे.' 'आपल्या मताची वाट पाहत आहे.' मी कोटाबद्दल लिहिलं, की यात अपराध वगैरे काही नाही. पोरगी पावसातून आली, कोट वाळत घालायला तिला कोणी जागा दाखवली नाही, म्हणून तो ओला राहिला. यावर त्याने अख्खा वेगळा व्हिडिओ केला. मोबाइलमागे मीच उभी होते. तो कॅमेऱ्यात, म्हणजे थेट माझ्याकडे बघून म्हणाला, "रखमाताई, आपण कोण, कुठल्या, मला ठाऊक नाही. पण असा प्रेक्षक लाभणं हे माझं भाग्य." मग जरा थांबून, "झालं ना रेकॉर्ड? लाव आता पंखा. आणि चहा टाक."

मला हसू यायचं आणि त्या बाईचा हेवाही वाटायचा. स्वतःचाच हेवा करणारी बाई मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

एकदा तर हद्द झाली. तो लॅपटॉपवर रखमाताईंना उत्तर लिहीत बसला होता, शब्द अडला की माझ्याकडून शुद्धलेखन विचारत होता. तेवढ्यात आईचा फोन आला. माझे हात पिठात होते, म्हणून मी स्पीकर लावला. आईचा आवाज काय विचारता, वाडीच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारा. "रखमे! अगो रखमे, हाय का नाय घरात? केल्यांचे घड उतरवलेत, कोणाला तरी धाड ना न्यायला. ऐकतंस का गो रखमे?"

मी भाग्येशकडे बघत होते.  त्याने पडद्यावरून मान वर केली, कपाळाला आठी घातली आणि म्हणाला, "आवाज कमी कर ना गं. इथे रखमाताईंना उत्तर द्यायचंय."

मी फोन कानाला लावला आणि आईला म्हटलं, नंतर करते. पीठ तिथेच सोडून गॅलरीत गेले आणि पुष्कळ वेळ तिथे उभी राहिले. मला रडू आलं नाही. दुखलं मात्र फार.

मग सुजीतचं बोलावणं आलं. सुजीत बोईसरमध्ये सिनेमावेड्यांचा एक गट चालवतो, पालघर-डहाणूपासून माणसं येतात. त्यांनी एका शाळेच्या सभागृहात 'ओला कोट' दाखवायचं आणि नंतर भाग्येशचं भाषण ठेवायचं ठरवलं. सुजीतने व्हिडिओखाली रखमाताईंनाही जाहीर आमंत्रण दिलं. मी लिहिलं, 'येईन.' त्या दिवशी भाग्येश घरात नाचायचाच बाकी होता.

"त्यांचा सत्कार करू आपण," तो म्हणाला. "शाल आणि नारळ. हेमांगी, तू आईला घेऊन बाजारात जा आणि शाल आण. रंग जरा बरा बघ हं, शिकलेली बाई आहे."

आता ती प्राध्यापक नव्हती, बाई होती. तेवढी प्रगती झाली होती.

स्टेशनजवळच्या दुकानात मी आणि सासूबाई शाली बघत बसलो. सासूबाईंचं नाव साखरबाई. गुडघ्यांनी थकल्यात, पण नजर शाबूत. मी एक स्वस्तातली मरून शाल बाजूला काढली, तर त्यांनी ती परत ढकलली.

"ती निळी घे," त्या म्हणाल्या. "सोताला घ्यायची तर चांगली घ्यावी."

मी शालीवरून मान वर केली.

"मला काय कळत न्हाई व्हय? तुझ्या लग्नात मांडवात तुझी आई रखमे-रखमे करून वरडत हुती, अजून कानात हाय माज्या. त्याला आठवत न्हाई, मी काय करू?"

"मग सांगितलं का नाही त्यांना?"

"मी कशाला सांगू? तुजं तू बघ." त्यांनी शालीचा पदर बोटांत धरून पोत पाहिला. "माजं नाव हौसा हुतं. तुज्या सासऱ्यास्नी मरूस्तोर ते ठाव हुतं का न्हवतं, देव जाणे. मी कदी इचारलं न्हाई. आता त्या नावानं हाक मारणारं हाय कोण?"

निळी शाल घेऊन आम्ही रिक्षाने घरी आलो.  वाटभर त्यांनी माझा हात धरून ठेवला होता.

कार्यक्रमाला सभागृह भरलं. मी पहिल्या रांगेत, वक्त्याच्या बायकोच्या खुर्चीवर. सासूबाई घरी राहिल्या होत्या. सिनेमा झाला आणि भाग्येश बोलायला उभा राहिला. मीच इस्त्री केलेला सदरा होता. तो खरंच सुंदर बोलला. त्याचा जुना अर्थ त्याने स्वतःच खोडला आणि म्हणाला, "मी या झोपलेल्या बाईला स्वप्नाळू ठरवलं होतं. एका प्रेक्षक भगिनीने माझे डोळे उघडले. तिला हाक आली नाही, मित्रहो! एवढी साधी गोष्ट. आपण आपल्या घरात, आपल्या शेजारी असलेल्या माणसाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारतो का?"  मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, इतकं कळतंय तर आता याला कळलंच.

"रखमाताई आल्या असतील," भाग्येश म्हणाला, "तर त्यांनी कृपा करून उभं राहावं."

सगळ्या माना मागे वळल्या. मी पुढच्या रांगेत उभी राहिले.

भाग्येशने मला पाहिलं, हातानेच बस म्हटलं आणि माइक थोडा बाजूला धरला, पण तो चालूच होता. "अगं हेमांगी, पाणी नको आत्ता. बस खाली. रखमाताईंना बघू दे."

सभागृह हसलं. मी बसले नाही. 

"मीच रखमा," मी म्हणाले.

त्याला आठवलं. मी ते डोळ्यांनी पाहिलं. ताट, तांदूळ, मांडवात ओरडणारी आई, सगळं त्याच्या चेहऱ्यावरून सरकत गेलं.  त्या एवढ्याशा वेळात मी त्याला सगळं माफ केलं, तो डास, तो पंखा, सगळं. तो आता नुसतं रखमा म्हणाला असता तरी मला पुरलं असतं.

मग त्याच्या चेहऱ्यावर व्हिडिओतलं हसू आलं. तो लोकांकडे वळला.

"मंडळी," तो म्हणाला, "आता गुपित फोडायला हरकत नाही. रखमाताई नावाचं कोणी नाहीच! हा प्रयोग मी आणि माझी पत्नी, आम्ही दोघांनी मिळून केला. एखाद्याला नाव दिलं की माणूस उभा राहतो आणि तुम्ही सगळे त्याच्यावर विश्वास ठेवता. जे वेराचं झालं, तेच गेले काही महिने तुमचं झालं!"

आणि अशा टाळ्या पडल्या की बस. लोक उठून उभे राहिले. मागे कोणीतरी शिट्टी मारली. ध्वनिक्षेपकवाला पोरगा धावत आला, "मॅडम, माइक पकडो," म्हणाला आणि माझ्या हातात माइक कोंबला. सुजीत मंचावरून ओरडला, "वहिनी, रखमाच्या भूमिकेत दोन वाक्यं होऊन जाऊ द्या!"

मी म्हणाले, "माझं नाव रखमा होतं. लग्नात बदललं. मला कोणी विचारलं नाही."

पुन्हा टाळ्या. या वेळी जास्त. सुजीतने डोळे पुसल्यासारखं केलं. रखमाताई काल्पनिक निघाल्यामुळे निळी शाल सत्काराला उरली होती, ती त्याने या कल्पनेच्या जनकाच्या म्हणजे भाग्येशच्या खांद्यावर घातली.

बाहेर पडताना लोक मला थांबवून थांबवून कौतुक करत होते. वाणगावहून आलेल्या एका निवृत्त शिक्षिकेने माझे दोन्ही हात हातात घेतले. "शेवटचं ते वाक्य काय म्हटलंत हो! अंगावर काटा आला. नाटकात काम केलंय का पूर्वी?" मी नाही म्हटलं. "मग करा," त्या म्हणाल्या. "रखमा अगदी खरी वाटली."

आम्ही मोटरसायकलवरून निघालो. नवापूर रस्त्याला लागल्यावर भाग्येश म्हणाला, "मला आधी सांगायचं नाही का गं? चांगली पंचाईत झाली असती. सावरलं की नाही मी?" मी काही बोलले नाही. त्याला ते उत्तर पुरलं असावं, कारण पुढच्या वळणावर त्याचा आवाज एकदम मोकळा झाला.

"एक सुचलंय. चॅनेलवर रखमाची मालिकाच करू. एक साधी गावातली बाई अवघड सिनेमांचे अर्थ सांगते. लोक वेडे होतील. रखमाचं काम तूच कर."

मी पदर घट्ट खोवला.

"फक्त एक आहे," तो म्हणाला. "तू फार शुद्ध बोलतेस. रखमा अशी बोलणार नाही. ती जरा गावाकडची वाटायला हवी. जमेल ना?"

इतक्या वर्षांत त्याच्याशी जे कधी बोलले नव्हते, ते तोंडातून आपोआप निघालं. "मना नाय जमायचं," मी म्हणाले. "आयकता ना? मना नाय करायचं."

त्याने आनंदाने हँडलवर थाप मारली.

"हां! अगदी असंच!"